खुडियाला जायचा बेत

परवा भिलाईत, पावर हाउसच्या बाजारात एका बाईच्या टोपल्यात पढीन मासा दिसला. लांबट, बिनखवल्यांचा, अंगावर चांदीची झिलई, तोंड थेट गालांच्या मागे गेलेलं आणि त्या तोंडाला दोन लांब मिशा. शेजारी दुसरी बाई मोहाची फुलं घेऊन बसली होती. त्या फुलांचा गोडसर, थोडा आंबूस वास आणि ओल्या मासळीचा वास एकमेकांत मिसळले होते. मी तिथंच उभी राहिले. सून म्हणाली, "आई, चला ना. हे नाही घ्यायचं, चेहरा देखो इसका!"

मासा घेतला नाही. पण मोह गळायच्या दिवसांत हा वास नाकात शिरला की माझ्या आयुष्यातला एक उन्हाळा पुन्हा चालू होतो. तो खरं तर एका बेताचा उन्हाळा होता. माणसं लग्नाचे बेत करतात, घर बांधायचे करतात. आमच्याकडे सव्वा महिना एक मासा पकडायचा बेत चालला होता.

भिलाईत तेव्हा पहिली भट्टी पेटून दोनेक महिने झाले होते. बाकीचा कारखाना अजून खड्ड्यांत आणि सळयांत उभा होता. वारा सुटला की लाल धूळ चहाच्या कपात, टाइपरायटरच्या पट्टीत, केसांच्या मुळांत जाऊन बसे. दीडेक वर्षापूर्वी मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले होते. पुढे कारखान्यातल्याच संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकून दुभाषी झाले होते. बावीस वर्षांची होते. मला पावेल इग्नात्येविच नावाच्या इंजिनिअरकडे दिलं होतं. भट्टीला आतून ज्या विटा लावतात, त्या तपासणं हे त्यांचं काम. पन्नाशीचा, उंच, उन्हानं कायम लाल झालेला माणूस. प्रत्येक वीट हातात घेऊन छोट्या हातोडीनं वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. मी शेजारी उभी राहून लिहायची: ठीक, ठीक, बाद.

आम्ही दुर्गला रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. बाबा मालगाडीचे गार्ड होते. मूळचे आम्ही नागपूरकडचे. राजहऱ्याच्या खाणीतून भिलाईला खनिजाचा दगड आणणाऱ्या गाड्यांवर बाबांची ड्युटी असे. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटे बसायचे, म्हणून की काय, घरातही फार बोलत नसत. सुट्टीच्या दिवशी बांबूची काठी आणि गळ घेऊन शिवनाथवर जायचे आणि दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसायचे.

एकदा विटा वाजवताना पावेल इग्नात्येविचनी विचारलं, "कुसुम, इथली माणसं मासे कशी पकडतात?"

मी बाबांचं सांगितलं. हातोडी थांबली. "तुझे वडील गळ टाकतात? आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

पुढच्या रविवारी ते सायकल घेऊन आमच्या दारात हजर. आईची धांदल उडाली. तिनं पाट मांडला, मग त्यांची उंची पाहून खुर्ची आणली. नाव विचारलं. मी सांगितलं तशी ती पदर तोंडाला लावून हसली. "पावेल? हे काय नाव झालं व? देव पावेल तसं?" मी ते भाषांतर करून सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की नंतर कधीही आले की दारातूनच "देव पावेल!" अशी हाक देत.

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की दोन माणसं एका विषयावर वेडी असली की दुभाष्याला दमछाक होते. पावेल इग्नात्येविच रशियाच्या उत्तरेकडचे. त्यांच्या गावाजवळ मोठं सरोवर होतं. अर्धं वर्ष त्यावर बर्फ. त्यात सुदाक नावाचा मासा. त्याचे डोळे काचेसारखे, गढूळ पाण्यात आणि अंधारात चमकणारे. त्यांनी एकदा हातभर लांब सुदाक पकडला होता आणि त्याचं डोकं वाळवून दारावर टांगलं होतं.

बाबांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "मासा खायाचा असते. डोकं टांगाचं कावून?"

मी विचारलं.  "कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून," पावेल इग्नात्येविच म्हणाले.

बाबांना हे पटलं. मान हलवून म्हणाले, "त्याले सांग, सुदाक मले माहीत नाही. पण खुडियाले पढीन हाय. माणसाएवढा."

खुडिया म्हणजे उत्तरेला, मैकलच्या डोंगरापाशी इंग्रजांच्या वेळचा बांध. बाबांनीही तो पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. पण "उत्तरेचं सरोवर" एवढे शब्द मी रशियनमध्ये उच्चारले आणि समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला.

मग तो बेत सुरू झाला. पावेल इग्नात्येविचनी नकाशाच्या निळ्या कागदाच्या मागे रीतसर तक्ता आखला. कोणत्या आठवड्यात दोरी, कोणत्या आठवड्यात गळ, जीपची परवानगी कधी, धमधा, बेमेतरा, मुंगेली हे रस्त्यावरचे टप्पे. सगळं रशियन अक्षरांत. बाबांचा बेत एका वाक्याचा होता: "मोह गळाले लागला का जायाचं. तवा पाणी उतरते, मासा डोहात येते." मला दोन्ही बेतांचं सारखंच कुतूहल वाटायचं. एकाचा कागदावर, एकाचा झाडावर.

आमिषावरून तर रोज वाद. पावेल इग्नात्येविचकडे पत्र्याचा एक चकचकीत चमचा होता, बोटाएवढा, त्याला तीन तोंडांचा गळ. पाण्यातून ओढला की मासोळीसारखा लपकतो म्हणे. बाबांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. "पढीन का येडा हाय? लोखंड खाईन? त्याले बेंडकी पायजे." मी सांगितलं. उत्तर आलं, "वडिलांना सांग, मासा भुकेनं कमी आणि रागानं जास्त धरतो." बाबांना हे इतकं नवीन होतं की ते दोन दिवस त्याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, "रागानं धरते, हे खरं असन."

त्यांनी नायलॉनची दोरीही आणली होती, काचेसारखी आरपार. बाबांनी ती बोटांतून सरकवली. "दिसतच नाही," म्हणाले. आम्ही सगळे हसलो. ती दोरी तशीच होती, कोणालाच नीट दिसत नव्हती.

सराव करायचा म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही तिघं मरोद्याच्या तलावावर गेलो. पाण्यावर ऊन होतं. पलीकडे कारखान्याच्या चिमण्या. बाबांची बसायची एक पद्धत होती: काठी मांडीवर आणि दोरी उजव्या हाताच्या तर्जनीवरून गेलेली. बाकीचे लोक पाण्यावरच्या तरंगाकडे, बुचाच्या त्या तुकड्याकडे, डोळे लावून बसतात. बाबा कुठं तरी समोर बघत बसत आणि मासा लागला की बोटाला कळायचं. पावेल इग्नात्येविच आधी थक्कच झाले. "हा माणूस बोटानं मासे पकडतो!" मला केवढा अभिमान वाटला होता.

मग त्यांनी स्वतःची दोरी टाकली, बाबांच्या दोरीपासून दहा पावलांवर. थोड्या वेळानं त्यांचा तरंग दोनदा बुडाला. बाबांचं तोंड त्याच दिशेला होतं, पण चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पावेल इग्नात्येविच बाबांकडे बघत राहिले. मग अगदी सहज म्हणाले, "वडिलांना विचार, माझा तरंग कोणत्या रंगाचा आहे?"

मी विचारलं.

"लाल," बाबा म्हणाले.

आधी घरी दाखवायला आणला होता तो लाल होता. त्या दिवशी त्यांनी पांढरा लावला होता. पाण्यावर तो पिसासारखा स्वच्छ दिसत होता.

 मी रशियनमध्ये म्हटलं, "पांढरा म्हणाले."

पावेल इग्नात्येविचनी मान हलवली आणि दोरी गुंडाळायला घेतली. येताना ते नेहमीसारखे बोलत होते. मला वाटलं, निभावलं.

सोमवारी विटांच्या शेडमध्ये त्यांनी हातोडी खाली ठेवली. "कुसुम, दीड वर्ष मी या देशात आहे. फार शब्द येत नाहीत. पण 'लाल' येतो. इथं सगळ्या धोक्याच्या पाट्यांवर तोच असतो."

मी विटांच्या ढिगाकडे बघत उभी राहिले. 

"मी कोणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "ते माझं काम नाही. तुझं आहे." एवढं बोलून पुन्हा विटा वाजवायला लागले. त्या दिवशी मी किती विटा ठीक लिहिल्या आणि किती बाद, मला आठवत नाही.

आपल्या माणसाला दिसत नाही हे आपल्याला का दिसत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. भात वाढताना ते ताट पुढे सरकवून हाताने चाचपायचे. मी ते रोज पाहत होते. पेपर मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मला वाटायचं, त्यांना माझा आवाज आवडतो.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा अंगणात बाजेवर बसून गळ घासत होते. आई विहिरीवर गेली होती.

"बाबा, त्या दिवशीचा तरंग पांढरा होता."

घासणं थांबलं. "हाव?"

"तुमाले दिसत नाही ना?"

त्यांनी गळाच्या टोकावर अंगठा फिरवला. "धुकं धुकं वाटते. सहा महिने झाले असन."

"मंग डॉक्टरनं मागच्या तपासणीत पास कसं केलं?"

"त्याचा अक्षरांचा तक्ता पाठ हाय मले. बाहेर बाकड्यावर बसलो का आतले लोक मोठ्यानं वाचतेत." त्यांना थोडं हसू आलं, मग ते गेलं. "सिग्नल ड्रायवर पाहते, बाई. मी तं मांगं असतो. अन् गाडीत माणसं नाही, दगड राहतेत."

"इंजिनात माणसं असतात. मांगून दुसरी गाडी आली तं झेंडी तुमालेच दाखवा लागते ना? तवा कोण पाहीन?"

त्यांनी गळ पुन्हा घासायला घेतला. चिमण्या दाण्यांसाठी भांडत होत्या.

"रविवारी खुडियाले जाऊन येतो," शेवटी ते म्हणाले. "सोमवारी डॉक्टरकडे जातो."

"परवा तुमची राजहऱ्याची ड्युटी हाय."

"पावेलसाहेबाले मालूम हाय?"

"हाव."

"तू काय सांगतलं होतं त्याले?"

"पांढरा म्हणले म्हणून."

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. आता मला कळत होतं की ते दिशेनंच वळवतात. "तवा माह्यासाठी खोटं बोलली. अन् आता माह्यासाठीच खरं बोलून राहिली?"

 मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म चढवला आणि स्वतः रेल्वेच्या डॉक्टरकडे गेले. या वेळी तक्ता वाचायला नकार दिला म्हणे. दुपारी परतले ते झेंड्या आणि शिटी स्टेशनवर जमा करून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी बंद. आता पार्सल ऑफिसात बसायचं.

आईनं सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळली. "तुले कोणं सांगतलं होतं मधात बोलाले?" त्यानंतर तिनं माझ्याशी अबोला धरला. बाबा दिवसभर बाजेवर पडून. तीन दिवस आमच्या घरात भांड्यांचेच आवाज. मी केलं ते बरोबर होतं हे मला माहीत होतं आणि तरी मला घरात पाय टाकवत नव्हता. खुडियाचं नाव कोणी काढलं नाही. मी पावेल इग्नात्येविचना सांगितलं की बहुतेक जमणार नाही. ते म्हणाले, "जीप येईल. नाही आलात तर परत जाईल."

रविवारी पहाटे जीप दाराशी थांबली. मी तयार होऊन बसले होते, पण उठायचं धैर्य होईना. आतून आई आली. माझ्याकडे न बघता फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी माझ्या मांडीवर ठेवली. गाठोडं जड होतं. पाहुण्याचंही धरून केलेलं. मग बाबा काठ्या घेऊन बाहेर आले. "बसली कावून? चाल. मोह गळून जाईन."

तो रस्ता मला अजून आठवतो. उजाडताना दोन्ही बाजूंच्या शेतांत मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. एका कोरड्या नदीच्या पात्रातून जीप गेली तेव्हा पावेल इग्नात्येविच उभे राहून ओरडले, "ही नदी? पाणी कुठंय?" बाबा म्हणाले, "त्याले सांग, पाणी सुट्टीवर हाय." मी सांगितलं. इतक्या दिवसांनी बाबा गंमत करत होते.

खुडिया आलं ते एकदम. बांधाचा चढ चढलो आणि समोर निळं, मोठं, मधे बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे आणि पलीकडे डोंगर. पावेल इग्नात्येविचनी टोपी काढली.  बाबांनी विचारलं, "कसं हाय?" मला जसं दिसत होतं तसं मी सांगितलं: पाण्याचा रंग, झाडं, डोंगर, उडणारे करकोचे. ते ऐकत होते आणि मधेच विचारत होते, वारा कुठून हाय, लाटा केवढ्या, झाडं किती दूर. मी कोणाला एवढ्या काळजीनं काही सांगितल्याचं त्याआधी आठवत नाही.

बिसाहू नावाच्या म्हाताऱ्या केंवटाची, म्हणजे नावाड्याची, लाकडी डोंगी मिळाली. तो म्हणाला, "बड़का पढ़िना खोलवा म रइथे, जिहाँ रूख बूड़े हे." म्हणजे मोठा पढीन खोलात, बुडालेल्या झाडांपाशी. त्याची छत्तीसगढी मी बाबांना मराठीत आणि पावेल इग्नात्येविचना रशियनमध्ये सांगत होते. एका डोंगीत तीन भाषा.

पावेल इग्नात्येविच दुपारपर्यंत चमचा फेकत राहिले. शेवटी एक पढीन लागला, मनगटापासून कोपरापर्यंत लांबीचा. त्यांनी तो डोंगीत घेतला आणि खूप वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "सुदाकचे वेगळे असतात," म्हणाले.

ऊन कलायला लागलं आणि बाबांचं बोट हललं. त्यांनी काठी उचलली. काठी अशी वाकली की बिसाहूनं वल्हं टाकून डोंगीची कड धरली. पुढे किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दोरी बाबांच्या बोटाला कापत होती, रक्त दिसत होतं. "कुठं हाय? सांग!" ते ओरडत होते, आणि मी ओरडत होते, "डावीकडं! झाडाकडं चालला, बाबा! सोडा, सोडा! आता खाली!" पावेल इग्नात्येविच माझ्याआधीच हातानं दाखवत होते, मग त्यांच्या लक्षात आलं की हात दाखवून उपयोग नाही, आणि तेही आपल्या मोडक्या हिंदीत ओरडायला लागले, "नीचे! नीचे!"

एकदाच तो वर आला, डोंगीच्या अगदी जवळ. अंग वळवलं, पोट चमकलं, ते प्रचंड तोंड उघडलं. मग काठी सरळ झाली. दोरी तुटली होती.

 बाबा धापा टाकत होते. "केवढा होता?"

पावेल इग्नात्येविचनी दोन्ही हात फैलावले, जेवढे फैलावता येतील तेवढे. कोळ्यांची सवय साऱ्या जगात सारखीच असावी. बिसाहूही मान डोलवत होता.

मी म्हटलं, "पाण्यातून उभा केला तर माझ्या छातीपर्यंत आला असता. त्याहून जास्त नाही."

बाबांनी माझा हात चाचपून धरला, आणि तो माझ्याच छातीपर्यंत उंच धरून उंची अजमावली. "बस," म्हणाले. "मले पुरे."

संध्याकाळी बिसाहूच्या झोपडीपुढे पावेल इग्नात्येविचचा मासा शिजला. डोकं वाळवून दारावर लावायचं म्हणून त्यांनी ते वेगळं ठेवायला सांगितलं होतं, पण हे मी भाषांतर करायच्या आतच बिसाहूच्या बायकोनं ते भांड्यात टाकलं. "मूड़ी तो सबले बढ़िया," ती म्हणाली, म्हणजे डोकंच सगळ्यात चांगलं. पावेल इग्नात्येविच त्या उकळणाऱ्या डोक्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. ते डोकं शेवटी त्यांच्याच पानात वाढलं गेलं. मोठ्या आवडीनं खाल्लं.

पावसाळ्यात ते मायदेशी परत गेले. एक पत्र आलं, त्यात बर्फावर बसलेल्या माणसाचं चित्र होतं. पुढे पत्रं थांबली. आईचा अबोला त्याच्या बऱ्याच आधी सुटला होता. कधी सुटला ते नक्की आठवत नाही, पण एका सकाळी तिनं नेहमीसारखं "डबा घेतला का व?" असं विचारलं आणि मी "हाव" म्हटलं. बाबा पार्सल ऑफिसात बसत. कोणाची पेटी कुठून आली हे हात लावून ओळखायचे, असं तिथले लोक सांगत.

थंडी पडल्यावर नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. कित्येक दिवस पट्ट्या, हलायचं नाही, शिंकायचं नाही. मग घरी आले आणि महिन्याभरानं जाड भिंगांचा चष्मा मिळाला. भिंगांमागे त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत. मी कामावरून आले तेव्हा ते अंगणात, बाजेवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग बोटानं माझ्या डाव्या भुवईवर दाखवलं. "हा वण कधीचा?"

भिलाईला नोकरी लागली त्या पहिल्याच हिवाळ्यात आम्हाला कारखान्यात नेणाऱ्या ट्रकनं गचका दिला आणि फळीवर माझं कपाळ आपटलं होतं. दोन वर्षं झाली होती. बाबांना कळलं तर ते नोकरी सोडायला लावतील म्हणून मी आठवडाभर पदर पुढे ओढून वावरले. मग एके दिवशी पदर सरकला. बाबा समोरच होते. काही बोलले नाहीत. तो दिवस मी मनात जपून ठेवला होता. बाबांनी वण पाहिला आणि काही म्हटलं नाही, म्हणजे त्यांनी मला जाऊ दिलं, असं मी धरून चालले होते. त्या परवानगीवर मी टायपिस्टची दुभाषी झाले होते, परक्या माणसांबरोबर उभी राहून काम करत होते. आणि त्यांनी तो वण पाहिलाच नव्हता; ते धुकं सहा महिन्यांहून कितीतरी जुनं होतं.

मी सगळं सांगितलं. ट्रक, फळी, पदर.

"तवाच कावून नाही सांगतलं?"

"तुमी नोकरी सोडाले लावली असती."

 बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं दोन्ही भिंगं पुसली आणि पुन्हा चढवला.

"हाव," ते म्हणाले. "लावली असती."

आणि माझ्याकडे पाहत राहिले.